बैठकीतली बल्ली

डोमाजी मिस्त्री कुठल्याही घरावर चढण्याआधी त्या घरात खाली येऊन बसत. कामासाठी नव्हे, नुसतेच. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकलेले कुणी तरी असावेत. गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, हातात झाकणाचा डबा. व्हरांड्याच्या पायरीवर टेकले आणि मला म्हणाले, "ताई, इथी कोन कोन राह्यते?"

"तुम्हाला कशाला हवं?" मी म्हटलं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, बी.एड. करत होते, आणि जगाला प्रश्न विचारायचा हक्क फक्त आपल्यालाच आहे अशी माझी समजूत होती.

"तुमच्या डोक्यावर मजला चढवाचा आहे. खाली कोन बसते, कोन झोपते, थे पाह्यल्याबिगर मी वर चढत नाही."

गोष्ट अडुसष्ट सालच्या आसपासची. धंतोलीच्या मागच्या अंगाला एका बैठ्या घरात आम्ही भाड्याने राहत होतो. पुढच्या अर्ध्यात बाबा, आई आणि मी, मागच्या अर्ध्यात घरमालक. मालकांच्या मुलाचं लग्न निघालं होतं, म्हणून वर मजला हवा होता. घर रिकामं करून द्या म्हणायला मालकांना तोंड नव्हतं आणि दुसरीकडे जायला आम्हाला जागा नव्हती. तेव्हा आम्ही खाली नांदायचं आणि डोक्यावर बांधकाम चालायचं, असं ठरलं. असं ठरवणाऱ्यांना आज मी शहाणं म्हणणार नाही, पण त्या वेळी गावात सगळीकडे तसंच चालायचं.

मिस्त्रींनी त्या दिवशी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. बाबा शाळेतून किती वाजता येतात, त्यांची खुर्ची कुठे असते, आई पाणी कधी भरते, मी कॉलेजला कधी निघते. बाबा रोज खिडकीपाशी पेपर वाचतात हे कळल्यावर म्हणाले, "मंग त्या कोपऱ्यावर इटा नाही रचाच्या." काम सुरू झालं तेव्हा खरोखरच तो कोपरा मोकळा राहिला. वरून हाकही नावाने यायची. "कुसुमताई, अंगनात जाऊ नका, माल चढून राह्यला." "मास्तर, पाच मिन्टं दारातच थांबा." मिस्त्रींना आमच्या घराचं वेळापत्रक माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं होतं.

ठेकेदाराला हा प्रकार मुळीच आवडत नसे. त्याला काम उरकायचं असायचं. मिस्त्री त्याला शांतपणे म्हणत, "वरून पाह्यलं तं नुसतं छत दिसते साहेब. खालून पाह्यलं तं मानसं दिसतात." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दहा वेळा तरी ऐकलं असेल. प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणत.

आमच्या छतावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी एकदा खालून ते निरखून पाहिलं आणि म्हणाले, "यात जीव कमी आहे. मालकानं तवा लोखंड वाचवलं असन." नव्या स्लॅबचे टेकू आमच्या जुन्या छतावर उभे राहणार, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सगळा भार त्याच्यावर येणार. म्हणून आमच्या खोल्यांतूनही छताला खालून आधार द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. सागाच्या जाड बल्ल्या, म्हणजे टेकूचे खांब, आल्या. प्रत्येकीच्या खाली फळी, आणि फळी आणि बल्लीच्या मधे लाकडाची पाचर, ठोकून ठोकून घट्ट बसवलेली. स्वयंपाकघरात एक, आतल्या खोलीत दोन, आणि बैठकीत तीन. त्या तिनातली एक बरोबर मधोमध.

"बल्ली लावनं सोपं आहे," ते म्हणत, "तिले कामाले लावनं कठीन आहे." मी त्यांना विचारलं, ती काम करतेय हे कसं कळतं? त्यांनी मला बल्लीला कान लावायला सांगितलं आणि बोटाच्या पेराने वर टकटक केलं. भार घेतलेली बल्ली खणखणीत बोलते. सैल असेल तर आवाज भद्द येतो, ओल्या मडक्यासारखा. मला तो खेळच झाला. कॉलेजातून आले की मी सगळ्या बल्ल्या वाजवून बघायची आणि मिस्त्रींना खालून ओरडून सांगायची, "सगळ्या बोलताहेत." ते वरून म्हणायचे, "ताईले कान आहे गा." मला पुढे अनेक शिक्षक भेटले, मी स्वतः शिक्षिका झाले, पण इतक्या थोड्या वेळात इतकं पक्कं कुणी काही शिकवल्याचं आठवत नाही.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. मिस्त्री इंदोऱ्याचे. छप्पन साली घरच्यांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. ते बल्ल्या तपासायला आत येऊन गेले की आई ओलं फडकं घेऊन सगळी फरशी पुसून काढायची. धूळ होते, म्हणायची. मालकांचे पाहुणे याहून धुळीचे पाय घेऊन येत, तेव्हा फडकं जागचं हलत नसे. मिस्त्रींनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. ते आपलं पाणी डब्यातून आणत, आणि विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. मला हे दिसत होतं. मला ते आवडत नव्हतं असंही मी आता सांगू शकते, पण तेव्हा मी आईला एका शब्दाने बोलले नाही.

स्लॅब सोमवारी पडणार होता. त्याबद्दल मिस्त्रींचा नियम एकच. "स्लॅबच्या दिवशी खाली मानूस नाही पायजे. देवालेही बाहेर काढा." सकाळपासून आम्ही समोरच्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्या बल्ल्या एकेक करून वाजवल्या आणि समाधानाने घरी गेले.

आणि रविवारी दुपारी मला पाहायला पाहुणे येणार होते.

स्थळ मालकांच्याच ओळखीतून आलेलं. मुलगा वीज खात्यात. आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते बल्लीपायी. "लोक काय म्हणतील? यांच्या घराला टेकू लावून ठेवलाय." बाबा म्हणाले, मिस्त्रींना विचारू. पण रविवारी मिस्त्री कुठून सापडणार? खरं सांगायचं तर, ती बल्ली मलाच खुपत होती. मी पोह्यांचं तबक घेऊन येणार, समोर मुलगा बसणार, आणि दोघांच्या मधे सागाचा खांब. त्याला मी अर्धीच दिसले असते. "दोन तासांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं. "पाहुणे गेले की पुन्हा लावू." हे वाक्य माझं. आईचं नाही, बाबांचं नाही. इतकी वर्षं मी ते घरच्यांत वाटून घेत आले.

आम्ही पाचर काढली आणि बल्ली मागच्या अंगणात नेऊन ठेवली. पाहुणे आले, पोहे खाल्ले, मला दोन प्रश्न विचारले आणि प्रसन्न चेहऱ्याने गेले. काय ते उद्या संध्याकाळी कळवतो म्हणाले. ते गेल्यावर बाबांनी आणि मी बल्ली उभी केली आणि पाचर पुन्हा ठोकली. दिसायला सगळं पहिल्यासारखंच झालं. मग मी कान लावला आणि टकटक केलं.

आवाज भद्द आला.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी आणखी चार घाव घातले. मी पुन्हा कान लावला. तसाच आवाज. बाबा दमले होते. म्हणाले, "अगं, बाकीच्या आहेत ना." मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही, कारण मला माहीत असावं अशी व्यवस्था एका माणसाने मुद्दाम करून ठेवली होती.

सोमवारी सकाळी सात वाजता मिस्त्री व्हरांड्यात उभे. "ताई, आत येऊ का? एक डाव सगळ्या वाजवून घेतो."

आई देवासमोर सोवळ्यात बसली होती. मी म्हटलं, "आई पूजेला बसलीय."

"थांबतो मंग."

ते थांबले. एवढ्यात रस्त्यावरून ठेकेदार ओरडला, "मिस्त्री, माल भिजला ना, आता कोणाची वाट पाहून राहिले?" सिमेंटमध्ये पाणी पडलं की ते कुणासाठी थांबत नाही. मिस्त्रींनी एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तुमी वाजवून पाह्यल्या का?"

"पाहिल्या."

"मधली?"

"मधलीसुद्धा."

"कोनं हात तं नाही लावला?"

"नाही."

"तुमी म्हनता तं झालं," ते म्हणाले. "तुमाले कान आहे."

मी खोटं का बोलले? मिस्त्री आत आले असते तर त्यांना एका टकटकीत कळलं असतं. त्यांनी काम थांबवलं असतं, भिजलेला माल वाया गेला असता, मालक संतापले असते, आणि संध्याकाळी होकार घेऊन येणारा निरोप मालकांच्याच दारातून यायचा होता. इतकंच. त्यात आईचं सोवळं माझ्या मदतीला आलं. मिस्त्रींना उंबऱ्यावर अडवायला मला वेगळी युक्ती शोधावी लागली नाही, ती आमच्या घरात आधीपासूनच होती.

आम्ही समोरच्या ओट्यावर जाऊन बसलो. रेजांची रांग लागली, म्हणजे कामावरच्या बायकांची. हातोहात घमेली वर जाऊ लागली. अकराच्या सुमारास काहीतरी कडाडलं. फार मोठा आवाज नव्हता. वर मिस्त्री ताठ उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "मांगं सरा सगळे! मांगच्या बाजूनं उतरा!" त्यांनी एकेकाला मागे ढकललं. शेवटची रेजा, सखूबाई, भरलं घमेलं घेऊन शिडीवर होती, ती घाबरून खाली पडली आणि तिचं मनगट मोडलं. बाकी सगळे उतरले. त्यानंतर आमच्या बैठकीचं छत वरच्या ओल्या मालासकट खाली आलं. बाबांची खुर्ची त्याखाली गेली.

धूळ बसायच्या आत मिस्त्री आमच्याकडे धावत आले. पहिलं वाक्य, "मास्तर, ताई, आई. आहेत ना सगळे?" तिघांना डोळ्यांनी पाहिल्यावरच ते सखूबाईकडे वळले.

मेलं कुणी नाही, ते त्यांच्या नियमामुळे. दोष आला तोही त्यांच्यावरच. ठेकेदाराने ढिगाऱ्यातून मधली बल्ली आणि दूर उडालेली पाचर काढली आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्यापुढे टाकली. "ही तुमची पाचर. नीट ठोकलीच नव्हती." मालकही तेच म्हणाले. छतातलं लोखंड त्यांना त्या दिवशी आठवलं नाही. मिस्त्रींनी पाचर हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग रस्ता ओलांडून माझ्याजवळ आले.

"ताई, कोनं हात नव्हता लावला ना?"

सगळे बघत होते. बाबांनी घसा खाकरला. मी म्हटलं, "नाही."

"मंग माह्याच हातानं सैल राह्यली असन," मिस्त्री म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातावरचा काढून घेतला.

त्या संध्याकाळी होकार आला. मुलाकडचे मोठ्या मनाचे, घर पडलं तरी मुलगी पसंत म्हणाले. वैशाखात माझं लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, संसार चांगला झाला. मी कुणाला मारलं नाही, मिस्त्रींना दुसरं काम मिळालंच असेल, हातात कसब असलेला माणूस उपाशी राहत नाही, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आणि ते मला पटतही असे.

पुढे नवऱ्याची बदली कोराडीला झाली. तिथल्या वसाहतीत आमच्या क्वार्टरवर मजला चढवायचं निघालं, तेव्हा एक तरुण मिस्त्री आमच्या खोलीत बल्ल्या लावायला आला. त्याचं झाल्यावर मी सवयीने टकटक करून म्हटलं, "ही सैल आहे." तो चाट पडला. "हे तुमाले कोनं शिकवलं?" मी नाव सांगितलं. त्याला ते ठाऊक होतं. इंदोऱ्यातल्या सगळ्यांनाच होतं.

"डोमाजीबुवा आता फरशी घासतात," तो म्हणाला. "त्या धंतोलीच्या घरापासून बल्लीले हात लावत नाहीत. म्हनतात, माहा हात दगा देते. लय ठेकेदार बोलवाले आले, गेले नाहीत. पोरालेही नाही शिकवलं."

हे ऐकल्यावर मी दुसऱ्याच दिवशी गेले असते तर निदान एवढं तरी मला सांगता आलं असतं. पण जायला मला आठ महिने लागले. पोरांच्या परीक्षा होत्या, सासूबाई आजारी होत्या. कारणं सगळी खरी होती.

कोराडीहून बसने गेले, इंदोऱ्यात विचारत विचारत घर काढलं. मिस्त्री दारात बसले होते, दाढी पांढरी झालेली. त्यांनी मला लगेच ओळखलं. "कुसुमताई? मास्तर कसे आहेत?" बाबा दोन वर्षांपूर्वी वारले होते, ते सांगितलं. आईचं विचारलं, तेही सांगितलं. मग मी बसले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. पाहुणे, पोहे, मागचं अंगण, भद्द आवाज, दोनदा बोललेलं खोटं.

ते रागावतील, निदान तोंड फिरवतील, अशी मी तयारी करून गेले होते. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"पाचर कशानं काढली?"

"वरवंट्यानं."

"किती घाव लागले?"

"मोजले नाहीत. बाबा घामाघूम झाले. ते थकले तेव्हा मी मारले. मग पुन्हा त्यांनी. अर्धा तास तरी गेला असेल. वरवंट्याचा टवका उडाला, पण ती हलेना."

"टवका उडाला?"

"हो."

ते उठले आणि आत तोंड करून हाक मारली, "वं, इकडे ये. हे ताई काय म्हनते थे आईक." त्यांची बायको पदराला हात पुसत आली. "सांगा ताई. पाचरीचं सांगा." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी वरवंट्याचं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. बायको मग म्हणाली, "चौदा वर्सं हा मानूस जेवाले बसला का पह्यले आपला हात पाह्यते, बाई. मी म्हनो, का पाह्यता? तं बोलत नव्हते."

मिस्त्री हसत होते. लहान मुलासारखे हसत होते, आणि मला ते पाहवत नव्हतं. "हात बरोबर होता तं," ते म्हणाले. आणि मग, कुरकुर न करता, "आता साठी आली. आता कोन चढू देते वर."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं. "मले नका सांगू. सखूकडे चला." चपला घालून ते पुढे निघाले. तीन गल्ल्या पलीकडे सखूबाईचं घर. ती दारात बसून तूर निवडत होती. उजवं मनगट वाकडं सांधलेलं. त्या हाताने घमेलं पुन्हा उचललं गेलं नाही, हे मला तिथे कळलं. मिस्त्रींनी मला तिच्यासमोर बसवलं आणि मी चौथ्यांदा तेच सांगितलं.

सखूबाईने सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे न बघता मिस्त्रींना विचारलं, "तुमची चूक नव्हती, तं वर्सभर माह्या घरचं पानी काहून भरलं?"

"मले का मालूम होतं का? आन असतं तरी," ते म्हणाले, "हात तुहा मोडला होता ना वं. पानी तं लागतच होतं."

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "आन बाई, तुमी कुठी होत्या तवा?"

मला वाटलं, आता मिस्त्री मला सांभाळून घेतील, जाऊ दे म्हणतील. त्यांनी आयुष्यभर खालच्या माणसांना सांभाळलं होतं. पण ते म्हणाले, "सांगा ताई. इथवर आल्या, तं तेही सांगा."

मी सांगितलं, की तेव्हा मी आठ दिवस इतवारीच्या बाजारात दुकानं पालथी घालत होते, लग्नाचा शालू मनासारखा मिळत नव्हता म्हणून.